कुसरीच्या पुलाची फेरचाचणी

कुसरी नदीवरचा नवा पूल गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, वाहतुकीला खुला झाला. मुंबईहून निघालेले चाकरमानी घरी पोचले, आंबेखोलचे सगळे गणपती नदीपार गेले आणि एकाही मूर्तीचा कान दुखावला नाही.

आता हा परिच्छेद विसरा. असं काहीही झालेलं नाही. पूल खुला झाला तो पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन झाल्यावर, पालकमंत्र्यांच्या हस्ते, सनई आणि भाषणांसकट. कोनशिलेवर तारीख कोरलेली आहे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन दगडाशी भांडावं.

तर जे झालं नाही, ते असं झालं.

मी पुलाच्या अलीकडच्या फाटकापाशी डांबराच्या रिकाम्या पिंपावर बसलो होतो. डोक्यावर छत्री, खिशात फाटकाची किल्ली आणि पुढ्यात वैजूवयनी. वैजूवयनी म्हणजे नदीपलीकडच्या आंबेखोलच्या सरपंच, वैजयंती हडकर, पहाटेच डोंगरातल्या रस्त्याने इकडे आलेल्या. त्या दिवशी हरतालिका होती, म्हणजे त्यांच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. तोंडात मात्र बरंच काही होतं.

"टेकाळेसायेब, पूल झालो?"

"झाला, वयनी."

"घट आसा?"

"एकदम भक्कम."

"मगे उघडा."

"उद्घाटन व्हायचंय."

"कधी होतला तां?"

"पालकमंत्री घोगळेसाहेब येतील तेव्हा. पाच दिवसांचे गणपती गेले की येतो म्हणालेत."

वैजूवयनींनी पदर कमरेला खोचला. "म्हंजे गणपती बुडवल्यार गणपती आणूक पूल उघडतलास? चतुर्थी काय तुमच्या सायबाक विचारून येता?"

मी खिसा चाचपला. माझ्याकडे फक्त किल्ली होती.

त्या वर्षी मेच्या अखेरीस वादळ झालं. अर्ध्या तालुक्यातले फणस आणि माड उन्मळून कुसरीतून वाहत आले आणि जुन्या दगडी पुलाच्या कमानींत अडकून बसले. पुलाने रात्रभर तग धरला आणि सकाळी, बघायला पुरेशी माणसं जमल्यावर, तो कोसळला. हायवे मधोमध तुटला. मग अख्खा पावसाळा आम्ही लोखंडाचे तुकडे जोडत नवा पूल उभा केला. मी मूळचा परभणीकडचा. आमच्याकडच्या नद्यांना पूल असतात, पाणी नसतं. इथे उलटं होतं, आणि त्या पाण्यावर उभं राहून काम करताना मी जेवढे देव आठवले तेवढे आमच्या घरात फोटोलासुद्धा नाहीत.

पूल झाला. वाळूने भरलेले डंपर उभे करून त्याची भारचाचणी झाली, ती पास झाली. राहिलं ते फक्त उद्घाटन. आमचे उपअभियंता वझरेकरसाहेब ह्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "उद्घाटनाआधी पुलावरून एक सायकल जरी गेली, टेकाळे, तरी तू नोकरीत कायम होणार नाहीस. कायम सोड, तू होतास हेसुद्धा मला आठवणार नाही."

साहेबांची स्मरणशक्ती गरजेप्रमाणे जात असे, हे मला अनुभवाने माहीत होतं.

फाटकामागे हायवेवर गाड्यांची रांग पार वळणाआड गेली होती. टपावर सतरंज्या, माळेचे बल्ब, थर्माकोलची मखरं. गाड्यांतून उतरलेले लोक आधी माझ्याकडे बघत, मग पुलाकडे, मग परत माझ्याकडे. पूल चकचकीत होता आणि मी नव्हतो, त्यामुळे राग कुणावर काढायचा ह्याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता.

तेवढ्यात बाबी मेस्त्री आला. हात कोपरापर्यंत रंगलेले, कानामागे ब्रश. फाटकाच्या अलीकडेच त्याची गणपतीची शाळा होती आणि आंबेखोलची घरं होती नदीच्या पलीकडे. तिकडे रीत अशी, की प्रत्येक घरातून आपापला पाट शाळेत पोचता करायचा आणि मूर्ती त्या पाटावरच घडायची. त्यामुळे ऐन वेळी बाजारातून दुसरा गणपती आणा, असं कुणाला सुचवणं म्हणजे तुमचं मूल सापडत नसेल तर शेजाऱ्याचं न्या, असं सांगण्यासारखं होतं. मी एकदा ते सुचवलं होतं. नंतर दोन दिवस मला गावात कुणी चहा दिला नाही.

"सायेब," बाबी म्हणाला, "रंगान झाले, डोळे लिवन झाले. आता त्येंका घराक जावचा आसा."

"डोंगरातला रस्ता आहे ना, बाबी?"

"त्या रस्त्यान? सोंड घाटात ऱ्हवतली आणि उंदीर तेवडो घराक पोचतलो."

"होडी?"

बाबीने नदीकडे नुसती मान वळवली. नदी तपकिरी आणि रागावलेली होती. होडीवाला कालपासून घरी झोपला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

"आणि एक सांगा," वैजूवयनी मध्येच म्हणाल्या, "गुरवारी ते रेयेचे डंपर पुलावर चढले, ते कोण? मंत्र्याचे पावणे?"

"ती भारचाचणी होती, वयनी. वजन उभं करायचं, खाली जाऊन पूल किती वाकला ते मोजायचं, मग वजन काढून घ्यायचं."

"तेका मंत्री लागता?"

"चाचणीला कशाला मंत्री?"

वैजूवयनी वळल्या आणि रांगेकडे बघत राहिल्या. मग बाबी तिकडे बघायला लागला. शेवटी मीही बघितलं.

"ह्येंका वजन नाय?" वयनींनी विचारलं.

मी पिंपावरून उठलो. फेरचाचणी कधीही घेता येते. भार वाळूचाच असावा असं नियमात कुठे म्हटलेलं नाही. आणि चाचणी झाल्यावर वाहन आलं त्या बाजूने काढावं की पुढच्या, ह्याबद्दल नियम करणाऱ्यांनी मौन पाळलं आहे. मी वझरेकरसाहेबांना फोन लावला.

"साहेब, पुलाची फेरचाचणी घ्यावी म्हणतो."

"कशाला? पहिली पास झालीये."

"मनात शंका येतेय."

"कसली?"

"पूल रिकामा फारच बरा दिसतोय."

"डंपर तर परत गेले. भार कुठून आणणार?"

"भार इथेच आहे, साहेब. आपणहून आलाय. डिझेलही त्याचं त्यानेच भरलंय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "टेकाळे, मी आत्ता ह्या फोनवर आहे का?"

"नाही, साहेब."

"बरं," असं म्हणून नसलेल्या साहेबांनी फोन ठेवला.

मी भोंगा हातात घेतला आणि जाहीर केलं की पूल बंदच आहे, बंदच राहील, मात्र शासनाला चाचणीसाठी वजन हवं असून इच्छुकांनी रांगेतच थांबावं. थोड्या थोड्या गाड्या आत घेतल्या जातील. मध्यावर थांबायचं, इंजिन बंद करायचं, मी खालून हात केला की पुढे उतरून जायचं. आपण प्रवास करत आहोत असं कुणीही समजू नये.

मुंबईच्या एका गृहस्थाने विचारलं, "म्हणजे आम्ही पलीकडे जाणार ना?"

"तुम्ही चाचणीतून बाहेर पडणार. बाहेर कुठल्या बाजूला पडता हा योगायोग."

मी किल्ली कुलपाला लावली आणि मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. गुणाजी गावकर होते. गावचे मानकरी. वय झालेलं, पाठ वाकलेली, डोक्याला पंचा. काल आपल्या गणपतीचे डोळे बघायला म्हणून होडीतून इकडे आले आणि नदी चढल्यामुळे अडकले होते.

"देवाक सांगल्याबिगर कसली चाचणी?" ते म्हणाले. "आधी गाऱ्हाणां."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढचा तोंडी अर्ज. गावकराने एकेक मागणी खड्या आवाजात मांडायची आणि जमलेल्या सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून तिला दुजोरा द्यायचा. तिकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शिंकेसारखं येतं.

गुणाजींनी फाटकापाशी नारळ ठेवला, हात जोडले आणि त्या वाकलेल्या पाठीतून कुठून आला कोण जाणे असा आवाज काढला.

"बा देवा रवळनाथा, नदीच्या ह्या तडीच्या नि त्या तडीच्या राखणदारा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पन्नाससाठ गाड्यांचे दरवाजे उघडून लोक बाहेर आले होते.

"आज ह्यो सरकारचो माणूस, टेकाळे नावाचो, पोटासाठी घाटावरसून हय इलो. तेनी लोखंडाचो पूल घातल्यान. तो पूल घट उबो ऱ्हवानदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या पोराची नोकरी तेच्या हातात ऱ्हवानदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ह्या वेळी मीही म्हणालो, जरा जास्तच जोरात.

"आणि ह्या पुलाक जो कोण आडो इलो आसात, घरचो आसो वा भायरचो, ल्हान आसो वा मोठो, तेका चांगली बुद्दी दी, आणि तेचोय गणपती तेच्या घराक सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

आणि सगळ्यांचं म्हणून संपल्यावर, एका श्वासाच्या अंतराने, एकटाच एक आवाज घुमला. "होय म्हाराजा!"

हा आवाज साधा नव्हता. भरदार, शेवटचं अक्षर लांबवणारा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायची सवय असलेला. जिल्ह्यातल्या प्रत्येकाने तो प्रत्येक निवडणुकीत रिक्षावरच्या कर्ण्यातून ऐकलेला होता. सगळ्या माना एकदम एका जुन्या निळ्या गाडीकडे वळल्या. तिची मागची काच, जी गाऱ्हाणं ऐकायला चार बोटं खाली आली होती, ती आता हळूहळू वर चालली होती.

वैजूवयनींनी जाऊन काचेवर टकटक केलं. काच थांबली, विचारात पडली आणि खाली आली. आत कानटोपी, गळ्यात टॉवेल आणि गोल गळ्याचा बनियन.

"सदूभाऊ?"

"कोण सदूभाऊ?" सदूभाऊंनी विचारलं.

पालकमंत्री नामदार सदानंद घोगळे ह्यांना ओळखायला आणखी काही लागलं नाही.

"भाऊ, तुमी हय?"

सदूभाऊंनी कानटोपी काढली. पडलेल्या केसांवरून हात फिरवला. "गणपतीक घराक चललंय गे वैजू. मेव्हण्याची गाडी घेतलंय. सरकारी गाडी आणली तर लोक अर्ज घेऊन येतत. माझो पण गणपती बाबीच्या शाळेतच आसा."

"हो आसा," बाबीने साक्ष दिली. "कोपऱ्यात. फेट्याचो."

"मगे सकाळपासून रांगेत कशाक बसलास?"

"पूल बंद आसा," मंत्री म्हणाले. जनतेच्या हालांबद्दल इतकी खरी कळकळ मी त्यांच्या आवाजात नंतर कधी ऐकली नाही.

"तो कोणासाठी बंद आसा, भाऊ?"

सदूभाऊंनी पुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मांडीवरच्या टॉवेलकडे बघितलं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मगे आत्ताच उद्घाटन करा! कात्री माझ्याकडे आसा!"

"तां जमाचा नाय," मंत्री गाडीतून उतरत म्हणाले. "फीत दोघांनी कापूची असां खासदारांबरोबर ठरलाहा. मी एकट्यान कापलंय तर उद्या ते पुलाखाली उपोषणाक बसतले. आणि कोनशिलेर तारीख कोरून झाली. ती काय पुसतलास?"

कात्रीवाल्याने कात्री खिशात घातली. दगडावर कोरलेलं पुसता येत नाही, हे सगळ्यांना पटलं होतं. मंत्री मागे वळून हायवेकडे बघत होते, जणू रांगेच्या शेवटी एखादं दुसरं उत्तर उभं असेल. मी पुढे झालो.

"साहेब, उद्घाटनाची गरजच नाही. आपण चाचणीत यावं."

"म्हंजे काय म्हणान?"

"भार म्हणून."

कुणी हसलं नाही. प्रसंगच तसा गंभीर होता. सदूभाऊंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"माझा वजन किती धरशील?"

"जेवढं असेल तेवढं, साहेब."

"अहवालात नाव येतला?"

"डंपरातल्या वाळूचं आम्ही नाव लिहीत नाही, साहेब."

मंत्र्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मगे धर," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. बाबीने फेट्याचा गणपती आणून त्यांच्या मांडीवर ठेवला, तोंडावर रुमाल झाकला आणि दम दिला, "हलवू नको हां, भाऊ. रंग ओलो आसा."

पहिल्या खेपेला निळी गाडी होती. मी पुलाखाली उतरून मोजमाप घेतलं. पूल मंत्र्यांसकट जेवढा वाकायला हवा तेवढाच वाकला आणि ते उतरल्यावर पुन्हा सरळ झाला. पोलादाला हे जमतं. मी खालून हात केला, गाड्या पुढे गेल्या, बाबीने पुढच्या गाड्यांत गणपती चढवले, पुढची खेप आली. दर खेपेला वरून आरतीचे आवाज येत, कारण इंजिन बंद करून बसलेली चार कोकणी माणसं दुसरं काय करणार?

मध्येच वझरेकरसाहेबांचा फोन आला.

"चाचणी कशी चाललीये? म्हणजे, चालली असती तर कशी चालली असती?"

"उत्तम, साहेब. पहिल्या भारात पालकमंत्री होते."

"कुठले पालकमंत्री?"

"आपलेच."

"टेकाळे, मी रजेवर आहे."

"कधीपासून, साहेब?"

"तू हे वाक्य बोललास त्याच्या आधीपासून."

ऊन कलायला लागलं तोवर हायवे रिकामा झाला होता. बाबीच्या शाळेत फक्त पोत्यांवर सांडलेला रंग उरला होता, आणि दाराशी एका काळ्या पडलेल्या पाटावर एक मूर्ती. छोटी, साधी, पितांबर तेवढा पिवळा. तिच्याजवळ गुणाजी उकिडवे बसले होते.

"हे कसे राहिले?" मी विचारलं. "आत्ता शेवटची जीप गेली."

"आमचो गणपती गाडीत बसना नाय," गुणाजी म्हणाले. "डोक्यार येता. चलत."

"मग घेणार कोण?"

"मीच घेय होतंय. गेल्या वर्सापासून पाठ ऱ्हवली. पुतण्या येतलो होतो मुंबयसून." त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. "नाय इलो."

वैजूवयनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. उपासाने त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण धार तीच होती. "सायेब, चलणाऱ्या माणसांची चाचणी केलास?"

"नाही."

"मगे?"

"वयनी, मी ड्यूटीवर आहे."

"चाचणी ड्यूटी नाय?"

मी बूट काढले. बाबीने माझ्या डोक्यावर पंच्याची चुंबळ ठेवली आणि वर पाट. "मान ताठ," तो म्हणाला, "आणि खाली बघू नको."

तीन महिने मी त्या पुलावर फक्त खाली बघत होतो. नटबोल्ट, सांधे, पाणी. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा समोर बघत तो ओलांडला. अनवाणी पायांना पत्रे गार लागत होते. बारीक पाऊस सुरू झाला तेव्हा मागून गुणाजींनी छत्री धरली, माझ्यावर नाही, त्याच्यावर. मध्यावर आलो तेव्हा पूल पावलांखाली किंचित थरथरला, जसा थरथरायला हवा तसा. मी थांबलो.

"काय झाला?" गुणाजींनी विचारलं.

"काही नाही. मोजतोय."

पलीकडे त्यांच्या घरापुढच्या खळ्यात त्यांच्या पुतण्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्या चिखलाने बरबटलेल्या पायांवर पाणी ओतलं, मग दूध ओतलं, मग माझ्या डोळ्यांना पाणी लावलं आणि भाताची मूद ओवाळून टाकली. मी मान ताठ ठेवूनच उभा होतो, कारण पाट उतरवून घ्या असं कुणी म्हणेपर्यंत मला काही सुचत नव्हतं.

"तुमच्याकडे गणपती कधी बसता?" गुणाजींनी आत जाता जाता विचारलं.

"आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. ह्या वर्षी रजा मिळाली नाही."

"मगे उद्या हय जेवा. परवा पण."

मी पाच दिवस तिथेच जेवलो.

सहाव्या दिवशी उद्घाटन झालं. मंत्री आणि खासदारांनी एक कात्री दोघांत धरली आणि फीत तिसऱ्या प्रयत्नात तुटली. सदूभाऊ भाषणात म्हणाले, "ह्या पुलावर आज मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत आहे." हे शब्दशः खरं होतं. आदल्या खेपेला ते गाडीत होते. वझरेकरसाहेब रजेवरून परत आले आणि त्यांनी माझी ओळख 'आमचा मुलगा' अशी करून दिली.

मी नोकरीत कायम झालो. शिवाय मंत्र्यांचं वजन अधिकृतपणे जाणणारा जिल्ह्यातला एकमेव अधिकारी असल्यामुळे माझी तातडीने बदलीही झाली, परभणीकडे, कोरड्या नद्यांवर. त्याला आता बरीच वर्षं झाली. मी स्वतः उपअभियंता झालो आहे आणि माझे कनिष्ठ मला फोन करून विचारतात की साहेब, तुम्ही फोनवर आहात का? वैजूवयनी दर हरतालिकेला, उपाशीपोटी, मला शिव्या द्यायला फोन करतात. गुणाजी गेले. त्यांचा गणपती आता पुतण्या टेंपोतून नेतो. "भर्रकन," वयनी म्हणतात. "मध्यार थांबना पण नाय."

सबब, सक्षम प्राधिकाऱ्यांना सविनय विनंती करण्यात येते की, कुसरी नदीवरील सदर पूल दरवर्षी हरतालिकेच्या दिवशी, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत, अनुद्घाटित समजण्यात यावा. त्या मुदतीत पादचारी भाराची फेरचाचणी घेणे तांत्रिकदृष्ट्या निकडीचे असल्याने, निम्नस्वाक्षरीकारास स्वखर्चाने व अनवाणी उपस्थित राहण्याचे आदेश व्हावेत, चाचणीचा भार एका काळ्या पाटासह त्याच्या डोक्यावर सुपूर्द करण्यात यावा, आणि मोजमाप पूर्ण होईपर्यंत त्यास पुलाच्या मध्यावर, कोणतेही कारण न विचारता, उभे राहू द्यावे.